रिक्षातले दोन किलोमीटर

ताई, मी 43 वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी कोथरूडमधल्या एका रनिंग ग्रुपमध्ये जायला लागले. तेव्हा दोन मिनिटंही सलग पळता येत नव्हतं, आता 14 किलोमीटर होतात. पण ग्रुपमध्ये मी कायम शेवटची. रविवारी कोथरूड डेपोपासून चांदणी चौक, पुढे एनडीए रोड आणि परत, असा आमचा लाँग रन असतो. बाकीचे साडेसहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी जातात, माझा पेस सव्वाआठ. मी पोचते तेव्हा फोटो काढून झालेला असतो, इडल्या संपत आलेल्या असतात. डिसेंबरात एकदा अंधारात मी एनडीए रोडला एकटीच मागे राहिले, कुत्री अंगावर आली. कुणाला पत्ताही नव्हता. मग आमच्या ग्रुपच्या कोच सरांनी व्हॉट्सॲपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "तुम्ही मध्येच परत फिरत जा, म्हणजे नाश्त्याला वेळेवर पोचाल." पुढे हसणारे चेहरे. त्यानंतरच्या रविवारी मी चांदणी चौकातून रिक्षा केली, डेपोच्या थोडं अलीकडे उतरले आणि पळत आले. फोटोत आले. पण स्ट्राव्हा, म्हणजे पळण्याची नोंद ठेवून सगळ्यांना दाखवणारं ॲप, बंद करायला विसरले. शेवटचे दोन किलोमीटर मी अडीच मिनिटांच्या पेसने पळाले, असं सगळ्यांना दिसलं. 27 जणांनी कुडोजचा, म्हणजे शाबासकीचा अंगठाही दिला. आता तिकडे जायची लाज वाटते. आधी एक काकू यायच्या, माझ्याहूनही हळू. त्याही यायच्या बंद झाल्या. मीही सोडू का? नवरा म्हणतो, "फोटोसाठी एवढ्या पहाटे उठतेस?"

शेवटची, कोथरूड

प्रिय 'शेवटची',

रिक्षापासूनच सुरुवात करू, कारण तो भाग तुम्ही घाईघाईने उरकलाय. केल्विन किप्टमने 2023 साली शिकागोत 2 तास 35 सेकंदांत मॅरेथॉन संपवून विश्वविक्रम केला, तेव्हा त्यालाही एका किलोमीटरला पावणेतीन मिनिटांहून थोडं जास्तच लागत होतं. तुम्ही अडीच मिनिटांत. कोथरूडच्या उतारावर. 27 पैकी निम्म्यांनी आकडा न बघताच अंगठा दाबला असणार, स्ट्राव्हावर बहुतेक अंगठे असेच पडतात. उरलेल्यांना हसू आलं असेल. मलाही आलं, खोटं कशाला बोलू?

हसून झाल्यावर मात्र पत्र पुन्हा वाचलं. एक बाई बारा किलोमीटर स्वतःच्या पायांनी येते आणि उरलेल्या दोनांचं भाडं भरते. कशासाठी? मेडल नाही, टायमिंग नाही, बक्षीस नाही. चार माणसांसोबत एका फोटोत उभं राहता यावं म्हणून. तुमच्या यजमानांचा टोमणा मला टोमणा वाटतच नाही. फोटोसाठी पहाटे उठते तर उठते. चाळिशीनंतर आपली हजेरी घेतं कोण? बँकेतल्या मस्टरवर सही होते, ती पगारासाठी. रविवारी सकाळी सात वाजता कुणीतरी "आली का सगळी?" म्हणावं आणि त्या सगळ्यांत आपण असावं, ही साधी भूक आहे. शहरांत रनिंग ग्रुप इतके का वाढले, याचं अर्धं उत्तर या भुकेत आहे. नुसतं पळायला काय, एकट्यानेही पळता येतं.

आता जरा गणित. साडेसहा आणि सव्वाआठ यांत फरक किलोमीटरला पावणेदोन मिनिटांचा. ऐकायला काहीच नाही. त्याला 14 ने गुणा. साडेचोवीस मिनिटं होतात. घामाने निथळणारा माणूस थंडीच्या सकाळी चोवीस मिनिटं नुसता उभा राहिला की गारठतो, पोटऱ्या आखडतात, आणि समोर वाफाळत्या इडल्यांचं ताट आलं की त्याची उरलीसुरली माणुसकी सांबारात बुडते. तुमच्याशी कुणी वैर धरलेलं नाही. रन अंतराने ठरतो म्हणून हे होतं. तो घड्याळाने ठरवा, निम्मं दुखणं जाईल.

म्हणजे असं. साडेपाचला सगळे डेपोवरून निघाले. सहा वीसला जो जिथे असेल तिथून त्याने मागे वळायचं. साडेसहाच्या पेसवाला तोवर पावणेआठ किलोमीटरला टेकलेला असेल, तुम्ही सहावर असाल. जाताना जो वेग होता तोच परतताना ठेवला, की सात-दहाच्या सुमाराला सगळे डेपोवर. मागेपुढे दोन-चार मिनिटं होतील, चांदणी चौकाचा चढ-उतार आहे आणि तिथल्या नव्या पुलांच्या जंजाळात रस्ता ओलांडायचा आहे. गंमत पुढेच आहे. सहा वीसला सगळे वळले की सगळ्यांत पुढे तुम्ही असता. जे एरवी तुमच्याकडे पाठ करून लांब जाताना दिसतात, ते आता मागून एकेक करत येतात, "चला चला" म्हणत शेजारून जातात, एखादा घोटभर पाणी देतो, एखादा शेवटचा अर्धा किलोमीटर सोबत पळतो. माणसं तीच, रस्ता तोच.

आता तुमच्या सरांचं वाक्य परत वाचा. "मध्येच परत फिरत जा, म्हणजे नाश्त्याला वेळेवर पोचाल." वाईट वाटेल तुम्हाला, पण सूचना बरोबर होती. चूक ती कुठे केली यात आहे. हेच त्यांनी रन सुरू व्हायच्या आधी बाजूला घेऊन सांगितलं असतं, किंवा सगळ्यांनाच वेळ बघून फिरायला लावलं असतं, तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. ग्रुपवर, सगळ्यांसमोर, एकट्या तुम्हाला सांगितलं की त्याचा अर्थ एवढाच उरतो: तुम्ही हळू आहात आणि आम्हाला भूक लागते. व्हॉट्सॲपवरच्या हसणाऱ्या चेहऱ्यांनी किती मैत्र्या संपवल्या याची मोजदाद कुणीतरी करायला हवी.

डिसेंबरातल्या अंधाराचं मात्र गणित मांडून समाधान करून घेऊ नका. तिथे मी तुमच्या बाजूने आणि ग्रुपच्या विरुद्ध आहे. इडलीसाठी न थांबणं समजू शकते, पण किती निघाले आणि किती परत आले हे न मोजणं समजू शकत नाही. राजगड-तोरण्याला नवख्यांना घेऊन जाणारी कुठलीही बरी ट्रेकिंग संस्था बघा. पुढे वाट माहीत असलेला एक, सगळ्यांत मागे जाणता एक, आणि वाटेत दर थांब्याला डोकी मोजणं. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. सह्याद्रीत जे आपण न सांगता पाळतो, ते डांबरी रस्त्यावर आलं की विसरतो, कारण शहर आपल्याला ओळखीचं वाटतं. पहाटे साडेपाचचं शहर दिवसाच्या शहराहून वेगळं असतं. त्यातही ते पुरुषाचं वेगळं आणि बाईचं वेगळं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इंग्लंडमध्ये पार्करन नावाचा प्रकार आहे. 2 ऑक्टोबर 2004 ला लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये 13 जणांनी तो सुरू केला, आता कितीतरी देशांत दर शनिवारी सकाळी 5 किलोमीटरचा पार्करन होतो, फुकट. त्यात एका स्वयंसेवकाचं काम फक्त शेवटी येण्याचं असतं. कितीही हळू माणूस आला तरी हा त्याच्या मागे. त्यामुळे आलेल्यांपैकी कुणीच शेवटचा नसतो, शेवटचा कायम तो स्वयंसेवक. मला ही युक्ती फार आवडते. शेवटचं असणं हे कुणाच्या तरी कपाळावर लिहिलेलं आहे असं न धरता, ती एक ड्युटी आहे असं धरलं. आणि ड्युटी म्हटली की पाळी लावता येते.

2004 हे तसं मजेशीर साल. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रात्री पुलांवरून घोळक्याने पळणारा ब्रिजरनर्स हा क्रू जमला. पुढे 2007 मध्ये चार्ली डार्क या कवी आणि डीजेने लंडनला रन डेम क्रू काढला. क्लबातल्या स्टॉपवॉचवाल्यांत ज्यांना परकं वाटायचं, अशी माणसं या क्रूंमध्ये आली. गाणी, गप्पा, शहर बघणं, मधेमधे पळणं. आपल्याकडे उलटं झालं. आधी रेस आली, मग तिची तयारी करून घेणारे सर आले, मग फी, तक्ता, टी-शर्ट, आणि सगळ्यांत शेवटी इडली. म्हणून आपले बरेच ग्रुप मुळात तालमी आहेत. तालमीत काही वाईट नाही. तिथे वस्ताद असतो, शिस्त असते, कुणाचं टायमिंग किती सुधारलं याची चर्चा असते, आणि मागे पडलेल्याने आपलं आपण बघायचं असतं. घोळ होतो तो तालमीवर कट्ट्याची पाटी लावली की. "आम्ही ग्रुप नाही, फॅमिली आहोत" असं टी-शर्टाच्या पाठीवर छापायचं आणि पाठ दाखवून निघून जायचं! (तुमच्या टी-शर्टवर हे आहे की नाही माहीत नाही. मी पाहिलेल्या निम्म्यांवर होतं.) तुम्ही कट्टा समजून गेलात आणि तालमीत शिरलात. तेव्हा सोडू का, याच्या आधी विचारायचा प्रश्न हा, की मला यांच्याकडून काय हवंय. सातारा हाफ मॅरेथॉनची तयारी हवी असेल, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा असेल, तर हेच सर कामाचे आहेत, मंगळवार-गुरुवारचे वर्कआउट त्यांच्याकडेच करा. रविवारची सोबत हवी असेल तर ती दुसरीकडेही मिळेल.

सोबतीबद्दल एक सांगते. मी मुंबईची माझी पहिली हाफ केली तेव्हा पेडर रोडच्या चढाला माझा जीव संपला होता. आमचा ग्रुप कधीच पुढे गेला होता. शेजारी एक पोक्त गृहस्थ चालत होते, पांढऱ्या मिशा, बिबच्या, म्हणजे रेसच्या नंबराच्या कागदाच्या दोन पिना निसटलेल्या, बिब पोटावर फडफडत होता. ते म्हणाले, "बाई, त्या खांबापर्यंत पळू, मग पुढच्या खांबापर्यंत चालू." तसे आम्ही खांब मोजत वर गेलो. लोक गच्चीतून टाळ्या वाजवत होते, एका मुलीने संत्र्याच्या फोडी दिल्या, त्या त्यांनी अर्ध्या मला दिल्या. उतार लागला तसे ते पुढे गेले. नाव विचारायचं राहिलं. त्या वर्षीच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचे चेहरे मला आज आठवत नाहीत, पण त्या पिना आठवतात. रस्त्यावरची सोबत ही पेसने ठरते, व्हॉट्सॲपच्या यादीने नाही. पळणारे म्हणतात तसं पळता पळता बोलता आलं पाहिजे, आणि बोलायचं तर दोघांचा श्वास सारखा लागला पाहिजे. (तुम्ही पहिले तीन किलोमीटर त्यांच्यामागे धापा टाकत जाता आणि मग ढेपाळता, असा माझा दाट संशय आहे. पहिल्या किलोमीटरला मुद्दाम नऊच्या पेसने निघून बघा. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असंही करून बघा. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी अनेक वर्षं लोकांना पळणं-चालणंच शिकवलं. ती लबाडी नव्हे. रिक्षा ही लबाडी.)

आता माझी एक कबुली, कारण तुमचं ऐकून घेतलं आणि माझं लपवलं तर बरं दिसणार नाही. पुढे काही वर्षांनी मी बऱ्यापैकी पळायला लागले आणि आमच्या ग्रुपमधल्या पुढच्या टोळीत गेले. आमच्यातही एक जण कायम शेवटी यायचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते यायच्या वेळी आम्ही फोटोसाठी ओळीने उभे असायचो, आणि दर वेळी कुणीतरी त्यांच्याच हातात फोन द्यायचं, "काका, जरा काढा ना." ते दम खात, घाम डोळ्यांत जात असताना, एक हात कमरेवर ठेवून फोटो काढायचे. वर आम्हाला सांगायचे, "जरा सरका, उजवीकडचे कापले जातायत." पुढे ते यायचे थांबले. बऱ्याच महिन्यांनी ग्रुपच्या वर्धापनदिनाला फोटोंचा व्हिडिओ बनवायचा होता, तेव्हा लक्षात आलं की वर्षभराच्या एकाही फोटोत ते नाहीत. सगळे फोटो त्यांनीच काढलेत. त्या ओळीत मी दर रविवारी उभी होते, आणि माझे दातही दिसतायत.

म्हणून तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला रिक्षापेक्षा जास्त टोचलं. "आधी एक काकू यायच्या, माझ्याहूनही हळू. त्याही यायच्या बंद झाल्या." दोन ओळींत आटोपलंत. त्या येत होत्या तेव्हा तुम्ही शेवटच्या नव्हतात. तेव्हा फोटोच्या वेळी त्या कुठे असायच्या? तुम्ही थांबत होतात का? मी आरोप करत नाही, मला फोटोतले माझे दात आठवतात म्हणून विचारते. त्या गेल्या आणि त्यांची जागा तुमच्याकडे आली. तुम्ही गेलात की आणखी कुणाकडे तरी जाईल, कदाचित आज जो सातच्या पेसने जातो आणि तुम्हाला बघून मनातल्या मनात निश्चिंत असतो त्याच्याकडे.

तर सोडू नका, निदान या महिन्यात नाही. सरांना वैयक्तिक मेसेज करा, ग्रुपवर नको. लांबण लावू नका, तक्रारीचा सूर नको, डिसेंबरातला दिवस मात्र सांगा. "सर, त्या दिवशी अंधारात मी एकटी होते आणि कुणाला माहीत नव्हतं. उजेड होईपर्यंत शेवटच्या माणसासोबत एक जण असावा असं मला वाटतं. रोज एकालाच नको, पाळी लावू. माझी पाळी मी घेईनच. आणि एखादा रविवार अंतराऐवजी वेळेवर परत फिरून बघू या का?" एवढंच. ते समंजस असतील तर दुसऱ्याच दिवशी पाळीची यादी येईल. बऱ्याच सरांना हे सुचलेलंच नसतं, कारण ते स्वतः कधी मागे राहिलेले नसतात. उत्तर "बघू" असं आलं आणि पुढचे दोन रविवार काहीच घडलं नाही, तर मग खुशाल सोडा. फी भरली असेल तर ती बुडाली समजा.

तोपर्यंत अंधारात एकटीने एनडीए रोडला जाऊ नका. उजाडल्यावर निघा, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून पळा, अंगावर चमकणारी पट्टी असू द्या. स्ट्राव्हाच्या सेटिंगमध्ये जाऊन घराजवळचा सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा नकाशावर दिसणार नाही असं करून ठेवा. 2018 मध्ये याच ॲपच्या नकाशावरून परदेशातले अमेरिकी लष्करी तळ लोकांना दिसले होते, कारण आतले सैनिक घड्याळ लावून पळत होते. मग तुमची सोसायटी कोणती हे कळायला किती वेळ लागणार? आणि त्या रविवारच्या रनला क्रॉप करायची सोय आहे, शेवटचे दोन किलोमीटर कापून टाका. राहिले 12. ते पूर्ण तुमचे आहेत, आठ महिन्यांपूर्वी त्यातली दोन मिनिटं जमत नव्हती. कुणी रिक्षावरून चिडवलंच तर "मीटरने आले" म्हणा आणि इडली घ्या.

यजमानांना एखाद्या रविवारी सात-दहाला डेपोवर बोलवा. उपदेश करू नका, नुसतं बोलवा.

राहिल्या काकू. त्यांचा नंबर ग्रुपमध्ये असेलच. लोक यायचे बंद होतात, ग्रुपमधून बाहेर पडत नाहीत. शनिवारी संध्याकाळी फोन करा, मेसेज नको. का येत नाही, असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. उद्या उजाडल्यावर डेपोपाशी याल का, एवढंच विचारा. आणि निघताना तुमचा पेस सांगायच्या आधी त्यांचा विचारून घ्या.